पुकारलेली ओळ

प्रिय भिंगरी,

आधी रागावून घेते, खुशाली नंतर. तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, तारच म्हणायची ती. ‘आता लिहिणार नाही. सगळे कागद गठ्ठे बांधून दाराशी ठेवले आहेत, रविवारी रद्दीवाला येईल. काळजी करू नकोस.’ काळजी करू नकोस! घराला काडी लावायची आणि शेजारणीला सांगायचं, धूर आलाच तर खिडकी लावून घे. आणि वर कारण काय, तर अशा दिवसांत कविता लिहायची लाज वाटते. लाज वाटायला हवी अशा माणसांची लांबलचक रांग आहे बाई, आणि ती सगळी माणसं रात्री घोरत झोपतात. त्या रांगेत तू कशाला घुसतेस? तुझा नंबर तिथे नाही.

तू म्हणशील, हिला कवितेचा पुळका कधीपासून आला? खरं आहे. कवितेचं आणि माझं कधीच जमलं नाही. शाळेत सिस्टर फळ्याकडे वळल्या की तू खिडकीबाहेर बघत काहीतरी पुटपुटायचीस, मी ‘काय गं?’ म्हणून विचारायचे, आणि माझं ते ‘काय गं’ शेजारच्या वर्गालाही ऐकू जायचं. पट्टी माझ्या हातावर, कविता तुझ्या वहीत. तेव्हापासून मी भोंगा आणि तू भिंगरी. पुढे तुझी पुस्तकं आली, मी प्रत्येक प्रकाशनाला पहिल्या रांगेत बसले आणि प्रामाणिकपणे सांगते, अर्ध्या वेळा माझं लक्ष चहा कधी येतो याकडे असायचं. ओळ मध्येच का तोडतात हे मला कधी कळलं नाही. माझा जन्म गेला वाक्यं पूर्ण करण्यात. ‘गाडी फलाट क्रमांक’ एवढंच बोलून थांबले असते तर लोकांनी केबिन फोडली असती.

पण आज सांगण्यासारखं माझ्याकडे आहे. कधी एकदा तुला सांगते असं झालंय. ऐक. मी परत माईकवर बसले!

निवृत्तीच्या दिवशी मला भिंतीवरचं घड्याळ देऊन घरी पाठवलं आणि माझ्या जागी एक डबा बसवला, हे तुला माहीत आहे. डब्यात कुणा मुलीचा आवाज भरलेला. गोड, गुळगुळीत, जन्मात सर्दी न झालेला. ती रद्द झालेली गाडी आणि वेळेवर आलेली गाडी एकाच लाडिक सुरात सांगते. बसस्टँड माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे रोज तिचं ऐकत पोळ्या लाटायच्या ही माझी शिक्षा. तर गेल्या आठवड्यात दंग्यांची गडबड वाढली, तसं सरकारने सगळीकडचं नेट बंद केलं, आणि डब्याची वाचा बसली. वरचे दिव्यांचे बोर्डही काळे. बुधवारी सकाळी दारात कोण, तर डेपो मॅनेजर! पूर्वी चौकशीच्या खिडकीत बसायची आणि प्रवासी ओरडला की रडायची, तीच ही. तिला उलट ओरडायला मी शिकवलं, आता साहेब झाली आहे. म्हणाली, ‘मॅडम, चला. मशीन मेलं.’ मी म्हटलं, ‘अरेरे. किती वाजता उचलणार?’ ती म्हणाली, ‘मॅडम, थट्टा नको हो, दोन्ही रस्ते बंद आहेत, स्टँडवर पाय ठेवायला जागा नाही, आणि कुणालाच काही कळत नाहीये.’ मी जरा आढेवेढे घेतले. शोभेपुरते. खरं सांगू? तोवर एक पाय चपलेत गेला होता.

केबिन तशीच आहे गं, फलाटाहून चार पायऱ्या वर. तीच हलणारी खुर्ची, तीच काच, काचेवर तोच तडा. माईक पुसला, बटण दाबलं, फुंकर मारली आणि सगळ्या स्टँडने माझा श्वास ऐकला. मग सिस्टरांचा मंत्र आठवला: पाठ सरळ, तोंड उघडं, आणि शब्द शेवटच्या बाकापर्यंत. मी म्हटलं, ‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे’, आणि फलाटांवरची सगळी डोकी एकदम वर झाली. एक जुना ड्रायव्हर खालून ओरडला, ‘अरे, बाई परत आल्या!’ मला इतका आनंद झाला की मी पहिलीच गाडी दोनदाऐवजी तीनदा रद्द केली.

कारण त्या दिवशी रद्द करण्यापलीकडे कामच नव्हतं. आमच्या धंद्याचा एक नियम तुला मी हजारदा ऐकवलाय. मागच्या थांब्यावरून गाडी सुटल्याचा निरोप आल्याशिवाय गाडी पुकारायची नाही. येईल असं वाटतंय म्हणून नाही, प्रवासी रडतोय म्हणून नाही, साहेब सांगतो म्हणूनही नाही. पुकारलेली गाडी आली नाही तर लोकांचा तुमच्या आवाजावरचा विश्वास उडतो, आणि मग उद्या आलेली गाडीही त्यांना खोटी वाटते. मी हा नियम नोकरीभर पाळला. बुधवारी निरोप आले ते फक्त गाडी न सुटल्याचे. दुपारपर्यंत रद्द, रद्द, रद्द म्हणून माझ्याच तोंडाला कडू चव आली. प्रत्येक वेळी बटण दाबलं की माणसं आशेने वर बघायची आणि मी त्यांना खाली बघायला लावायचे. दुपारनंतर तर त्यांनी वर बघणंच सोडलं.

मग फलाट क्रमांक चारवर एका बाकावरून दोघांची जुंपली. एक दाढीवाला, एक चौकड्यांच्या सदऱ्यातला. नेहमीचं भांडण असतं तर मी मजा बघितली असती. ‘बॅग काढा’, ‘तुम्ही काढा’, ‘बाक काय तुमच्या बापाचा आहे?’ इथपर्यंत ठीक होतं. पण मग कुणीतरी तो प्रश्न विचारला, जो हल्ली सगळीकडे विचारतात: ‘तुम्ही कुठल्या वस्तीतले?’ भिंगरी, काचेतून मला दिसलं ते सांगते. त्या एका प्रश्नाने गर्दीच्या मधोमध फट पडली. माणसं उठून या बाजूची आणि त्या बाजूची झाली. बायकांनी मुलं मागे ओढली. एकाने पिशवीतून छत्री काढली, आणि बाहेर लखलखीत ऊन. मॅनेजर केबिनमध्ये धावत आली, ‘मॅडम, काहीतरी बोला, काहीही पुकारा, गाडी आली म्हणा!’ मी म्हटलं, ‘खोटी गाडी मी पुकारणार नाही.’ आणि बटण दाबून बसले. माईक चालू, तोंड उघडं, आणि सांगायला एकही गाडी नाही.

मग जे तोंडातून आलं ते तुझं होतं.

महिन्यापूर्वी तू फोनवर वाचून दाखवलीस ती. तू दोनदा वाचलीस आणि माझी पाठ झाली, पट्ट्या खाऊन झालेली स्मरणशक्ती आहे ती. पण मला सूर एकच येतो ना, गाडी पुकारायचा! त्यामुळे सवयीने म्हणून गेले, ‘फलाट क्रमांक चारवरील प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे,’ आणि त्याच सुरात, प्रत्येक शब्द सुटा करून:

तुझ्या शर्टाचं तुटलेलं बटण
आज लावायला घेतलं.
तू कधी घालशील ते दोऱ्याला ठाऊक नाही,
तरी तो आत जातो,
बाहेर येतो,
आत जातो

आणि सवयीनेच, ‘पुन्हा एकदा ऐकावे,’ म्हणून परत पहिल्यापासून.

आता हस. मी ‘फलाट क्रमांक चार’ म्हटल्याबरोबर अख्खा स्टँड सामान उचलून चारकडे धावला. काय म्हणतेय हे ऐकायच्या आधीच पाय धावले. या बाजूचे, त्या बाजूचे, सगळे एकमेकांत कालवले गेले. ते दोन भांडखोर सगळ्यांत पुढे, खांद्याला खांदा लावून, कारण जागा मिळवायची तर भांडायला वेळ कुणाला आहे? छत्रीवाल्याने छत्री काखेत मारली आणि एका म्हाताऱ्याची वळकटी उचलून धावला. आणि सगळे फलाटाच्या कडेला मान लांब करून उभे, रिकाम्या रस्त्याकडे बघत, आणि डोक्यावरच्या भोंग्यातून मी त्यांना बटण लावून दाखवतेय! दुसऱ्यांदा वाचताना त्यांनी ऐकलं. मी ‘आत जातो’ वर थांबले. तुझी कविता तिथेच थांबते, तिथेच तू फोनवर गप्प झालीस आणि मी विचारलं होतं, ‘लाइन तुटली का गं?’ आणि तू म्हणालीस, ‘नाही, एवढीच आहे.’ तर मी थांबले, आणि ती सगळी गर्दीही थांबली. शेवटच्या बाकापर्यंत शांतता. मग कुणाचं तरी लहान मूल मोठ्याने म्हणालं, ‘गाडी कुठाय?’ आणि आधी एक बाई हसली, मग दहा, मग तो दाढीवालाच पोट धरून खाली बसला.

लगेच स्टँडवरचा पोलीस वर आला. पोलीस असला तरी तोंड माझं आहे ना. त्याने विचारलं, ‘हे काय वाचलंत?’ मी म्हटलं, ‘सूचना.’ ‘ही सूचना आहे?’ ‘दोनदा वाचली की नाही? दोनदा वाचतात ती सूचना.’ ‘कुणासाठी?’ ‘ज्यांच्या शर्टाचं बटण तुटलंय त्यांच्यासाठी.’ बिचाऱ्याने स्वतःच्या छातीकडे बघितलं. बटणं सगळी जागेवर होती, पण बघितलं खरं. मग म्हणाला, ‘लिहिलंय कुणी?’ तुझं नाव मी सांगितलं नाही, घाबरू नकोस. मी म्हटलं, ‘एका आईने.’ तो म्हणाला, ‘खाली शांत आहेत तोवर चालू द्या,’ आणि गेला. तो कवितेने विरघळला वगैरे काही नाही, उगाच डोळे पुसू नकोस. त्याला शांत फलाट हवा होता आणि तो मिळाला, एवढंच.

पण खरी मौज पुढेच. लोक खिडकीवर यायला लागले. गाड्यांची चौकशी कुणी करेना! पुढे काय, म्हणून विचारत होते. चौकड्यांच्या सदऱ्यातला म्हणे, दोरा संपतो, म्हणून बाई थांबल्या. दाढीवाला म्हणे, ‘संपेल कसा? रीळभर असतो दोरा, तुमच्या घरी कुणी शिवलंय का कधी काही?’ परत जुंपली दोघांची, तितक्याच जोरात, पण आता दोऱ्यावरून. मॅनेजर कपाळाला हात लावून म्हणाली, ‘मॅडम, हे भांडण परवडलं.’ एक नर्स होती, रात्रपाळी करून घरी जाता जाता अडकलेली. तिने तिकिटाच्या पाठीवर चार ओळी लिहून आणल्या, म्हणाली, ‘हे पण पुकारता का?’ मी चष्म्यातून बघितलं तिच्याकडे आणि विचारलं, ‘तू कशाला लिहितेस गं? झोप काढायची सोडून?’ ती म्हणाली, ‘रात्रभर मी आकडे लिहिते, बाई. ताप किती, नाडी किती, सलाईन किती. सकाळी वाटतं, त्या माणसाबद्दल एक तरी गोष्ट अशी लिहावी जी आकड्यात बसत नाही.’ मी पुकारलं तिचं. दोनदा. एका म्हाताऱ्याने तरुणपणी रचलेलं काहीतरी सांगितलं, ते भयंकर होतं, तेही पुकारलं. कॅन्टीनवाल्याने आत येऊन त्यावर हरकत घेतली, म्हणाला, ‘यमक जुळत नाही.’ मी म्हटलं, ‘तुझ्या चहात साखर जुळते का?’

आणि आता ते बोलते, जे आपण दोघी महिनाभर फोनवर टाळतोय. तू हवापाण्याचं बोलतेस, मी गुडघ्यांचं बोलते. तुझ्या धाकट्याने तुझी एक जुनी कविता चौकात उभं राहून वाचली आणि त्याला उचलून नेलं. तेव्हापासून तू मनात धरून बसली आहेस की, माझ्या शब्दांनी माझं पोर नेलं. मूर्खपणा करू नकोस. तुझ्या शब्दांनी नाही नेलं, माणसांनी नेलं. त्यांना नावं आहेत, हुद्दे आहेत, बसायला खुर्च्या आहेत. ओरडायचं तर त्यांच्यावर ओरड, माझा आवाज उसना घे हवा तर. कागदाच्या गठ्ठ्यांवर कसला राग काढतेस? ती भेकडाची तऱ्हा झाली, आणि तू शाळेच्या पत्र्यावर चढून पतंग काढणारी मुलगी होतीस. त्याने ती कविता का वाचली असेल? त्याला आईची कीव आली म्हणून? त्या चौकात त्या दिवशी जे सांगायचं होतं, ते सांगायला त्याला दुसरे शब्द सापडले नाहीत म्हणून वाचली. तसंच माझं झालं. नोकरीभर हजारो सूचना दिल्या मी, पण बुधवारी तोंड उघडलं तेव्हा त्यातली एक कामाची नव्हती.

संध्याकाळी गाडी आली. निरोप नाही, फोन नाही, काही नाही. फोन तर दुपारीच बंद पडले होते. वळणावर दिवे दिसले आणि मी खुर्चीतून इतक्या झटक्यात उठले की खुर्ची एकीकडे आणि चष्मा दुसरीकडे. ड्रायव्हर आडरस्त्याने, शेताशेतांतून, खड्डे चुकवत आला होता. मी पुकारली तेव्हा आवाज फाटला, सिस्टरांनी चांगलाच धपाटा घातला असता. फलाट दोन! लोक असे नाचले की जणू जहाज लागलं.

त्या गर्दीत एक बाई मागे राहिली. माझ्याहून लहान, हातात कापडी पिशवी. खिडकीशी आली आणि हळू आवाजात विचारलं, ‘ताई, तो दोरा नंतर बाहेर येतो ना?’ मी म्हटलं, ‘म्हणजे?’ ती म्हणाली, ‘तुम्ही आत जातो वर थांबलात. माझ्याकडेही एक शर्ट आहे.’ पिशवीत होता, इस्त्री केलेला. कुणाचा ते मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. म्हणाली, ‘सोमवारी तुरुंगात भेटीचा दिवस असतो, मी याच स्टँडवरून जाते. सोमवारी पुढची ओळ सांगाल? त्याला सांगेन म्हणते.’ तुलाही सोमवार माहीत आहेत, भिंगरी. कंडक्टर घंटी मारत होता, ती वळून वळून माझ्याकडे बघत होती, आणि मी काय करणार होते? खरं सांगायचं तर ‘ओळ नाही, बाई, जिने लिहिली तिने दुकान बंद केलं, रविवारी रद्दीत जाणार,’ हे सांगायला हवं होतं. रद्द म्हणायला हवं होतं. दिवसभर तेच तर म्हणत होते.

मी बटण दाबलं. आणि नोकरीभर पाळलेला नियम, भिंगरी, मी सगळ्या स्टँडसमोर मोडला. ‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. बटणाच्या कवितेची पुढील ओळ निघालेली आहे. सोमवारी दुपारी इथेच पोचेल.’ दोनदा म्हटलं. निरोप आलेला नसताना. गाडीच्या खिडक्यांतून लोकांनी हात हलवले. त्या बाईने पिशवी छातीशी धरली आणि चढली.

तर म्हणून हे पत्र. रागावण्यासाठी नाही, मौज सांगण्यासाठीही नाही. पोस्टाचा भरवसा नाही, म्हणून त्याच आडरस्त्याच्या ड्रायव्हरच्या हातात देतेय. तुझ्या गावच्या स्टँडवर तो जेवायला थांबतो, तोवर उत्तर त्याच्या हातात दे. त्या गठ्ठ्यांतला वरचा कागद सोड आणि लिही. दोरा बाहेर येतो की नाही हे मला माहीत नाही, धाकटा कधी बाहेर येईल हेही माहीत नाही, आणि तुलाही माहीत नाही, म्हणूनच तू थांबलीस हे मला कळतं. पण त्या ड्रायव्हरला तरी पुढचा रस्ता उघडा आहे हे कुठे माहीत होतं? मी पुकारलेली गाडी आली नाही, असं आजवर एकदाही झालेलं नाही. माझी अब्रू तुझ्या हातात आहे. जे खरं वाटेल ते लिही, एक ओळ लिही, मध्येच तोडलीस तरी चालेल. मी ती शेवटच्या बाकापर्यंत पोचवते.

तुझाच,
भोंगा

ता.क. सूचना दोनदा द्यायची असते, म्हणून पुन्हा एकदा ऐकावे: रद्दीवाल्याला परत पाठव.